जांबोटीला एक बॅग, सौंदत्तीला दुसरी: सहलीला कॅमेरा नेताना या चुका टाळा

बेळगावकरांच्या एका दिवसाच्या सहली बहुतेक दोन दिशांना जातात. पाऊस लागला की पश्चिमेला जांबोटी, चोर्ला, नाहीतर आंबोली. एरवी पूर्वेला गोकाक, सौंदत्ती आणि यात्रेच्या दिवसांत चिंचली. कुठंही सकाळी निघून रात्री परत येता येतं, त्यामुळे बॅग भरायला कोणी बसत नाही. कपाटात असेल तशी उचलायची आणि डिकीत टाकायची. खानापूरच्या पश्चिमेला घाटमाथ्याचं जंगल, सौंदत्ती-रामदुर्गकडे कोरडवाहू काळं रान. तिकडे कॅमेऱ्याला ओल खाते, इकडे धूळ. दोन्हीकडे तीच बॅग नेणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात.

घाटात एसी लावून जाणं

बेळगावातून एसी लावून निघालात, चोर्ल्याला धुकं दिसलं, गाडी बाजूला घेतली, कॅमेरा बाहेर काढला, आणि फोटो दुधासारखा पांढरा. काचेवर धुकं बसलेलं असतं. लेन्स गाडीत थंड झालेली, बाहेरची हवा बाष्पानं भरलेली. ते बाष्प थंड काचेवर पाणी होऊन बसतं. पुसलं तर घटकाभरात पुन्हा येतं. अशा वेळी लेन्स बदलायला जाणं सगळ्यात वाईट, कारण मग तीच दमट हवा थेट सेन्सरपर्यंत पोचते.

उपाय फुकटचा आहे. जांबोटी मागे पडली की एसी बंद करा, काचा थोड्या खाली घ्या. कॅमेरा बंद बॅगेतच राहू द्या, म्हणजे तो हळूहळू बाहेरच्या तापमानाला येईल. उतरल्यावरही वीस-पंचवीस मिनिटं चहा-भज्यात घालवा की.

बॅगेच्या रेनकव्हरवर भरवसा

बॅगेबरोबर मिळणारं कव्हर समोरून आणि वरून पाणी अडवतं. पाठीची बाजू उघडीच असते. पाठीवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांमधून आत झिरपतं आणि खालच्या फोममध्ये साचतं. वरून बॅग कोरडी दिसते, म्हणून घरी येईपर्यंत कळतही नाही. बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात ठेवा. कव्हर त्याच्यावर.

‘वेदर सील्ड’ बॉडीचंही, म्हणजे फटींना रबर लावून पाणी अडवणाऱ्या कॅमेऱ्याचंही, तसंच. बॉडी सील्ड आणि लेन्स साधी असेल, तर पाणी जोडावरून आत जातं. पश्चिमेला जाताना एक बॉडी आणि तिच्यावर घरूनच बसवलेली एक झूम लेन्स, एवढंच पुरे. आंबोलीला रात्री बेडूक टिपायला जाणाऱ्यांनी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स घरीच चढवून न्यावी. पावसात उभं राहून, पायाला जळवा लागलेल्या असताना लेन्स बदलायची हौस कोणी करू नये.

घरी आल्यावर बॅग तशीच कपाटात

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण नुकसान सहलीत दिसतच नाही. रात्री उशिरा पोचायचं, बॅग कपाटात सारायची, आणि ती पुन्हा निघते गणपतीत. तोवर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले असतात. हा फंगस. हवेतली आर्द्रता बराच काळ साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की तो वाढतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती महिनोन्‌महिने तशीच असते. अंधार, ओला फोम आणि बंद चेन असली की त्याला आणखी काही लागत नाही. त्यातून सुटणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं. लेन्स उघडून फंगस साफ करता येतो, पण खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. चामड्याच्या जुन्या केस तर सगळ्यात वाईट, त्या ओल धरूनच ठेवतात.

घरी आल्या रात्री सगळं बाहेर काढा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि पंख्याखाली ठेवा. बॅग उघडी करून उलटी टांगा. दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान हवा. फार कोरडंही नको, त्यानं लेन्समधलं ग्रीस आणि रबर वाळतं. निळं जेल गुलाबी झालं की त्यानं पोटभर पाणी प्यायलं असं समजा. मंद आचेवर तापवलं की पुन्हा निळं होतं. मात्र स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी वापरू नका, निळ्या जेलमधलं रसायन पोटात जाणं बरं नव्हे.

आणि तांदळाचा डबा? मोबाइल भिजला की तांदळात, कॅमेरा भिजला की तांदळात. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, त्याची पीठी मात्र बटणांच्या फटीत आणि झूमच्या कड्यात जाऊन बसते. कॅमेरा भिजला तर बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवून वाऱ्यावर ठेवा. सुरू होतो का ते बघायची घाई नको. आत पाणी असताना दिलेली वीजच बोर्ड जाळते.

भंडारा ओल्या फडक्यानं पुसणं

आता पूर्वेला. सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर असो की चिंचलीच्या मायाक्काची यात्रा, भंडारा उधळला की फोटो सोन्यासारखे येतात, आणि हळद कॅमेऱ्याच्या प्रत्येक फटीत जाते. पटकन ओलं फडकं मारलं की तिचा लगदा होतो, डाग बसतो आणि पूड आणखी आत ढकलली जाते. आधी हातातल्या रबरी ब्लोअरनं उडवा, मग मऊ ब्रशनं झाडा, ओलं फडकं सगळ्यात शेवटी. कडं साफ होईपर्यंत झूम फिरवू नका, कारण लेन्स आत-बाहेर होताना हवेबरोबर पूडही आत खेचते. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. यात्रेला जाताना पुढे साधा यूव्ही फिल्टर लावाच. ओरखडा आला तर फिल्टर फेकून देता येतो.

गोकाकला दोन्ही शत्रू एकत्र भेटतात. घटप्रभा तिथं सुमारे 52 मीटर खाली कोसळते, आणि पाणी भरात असलं की झुलत्या पुलावर तुषार येतात. ते पाणी गढूळ असतं. काचेवर वाळलं की मागे बारीक माती राहते, आणि ती सदऱ्याच्या टोकानं पुसणं म्हणजे काचेवर पॉलिशपेपर घासणं. इथंही आधी ब्लोअर.

दुचाकीवर कॅमेरा कॅरिअरला बांधणं

खड्ड्यांचे हादरे लेन्सचे बारीक स्क्रू सैल करतात. बॅग पाठीवर घ्या, शरीर हादरे झेलतं. चारचाकीत असाल तर उन्हात उभ्या गाडीत बॅटऱ्या सोडू नका. एप्रिलमध्ये अथणीकडे बंद डिकी भट्टीसारखी तापते.

सांबऱ्याहून विमान पकडताना

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या. मर्यादा 100 वॉट-तास. व्होल्टला अँपिअर-तासाने (एमएएच भागिले हजार) गुणलं की आकडा मिळतो: 7.2 व्होल्ट, 2280 एमएएचची कॅमेऱ्याची बॅटरी साधारण 16 वॉट-तासांची, 3.7 व्होल्ट, 20,000 एमएएचची पॉवरबँक 74 ची. दोन्ही चालतात. टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावा. सुट्या नाण्यांबरोबर एकाच कप्प्यात टाकल्या तर शॉर्ट होऊ शकतात.

परवानगीचा विचार न करणं

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि कॅम्प भागात लष्करी आवाराकडे कॅमेरा रोखणं अंगाशी येतं. ड्रोन तर भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय काढूच नका. किल्ल्यातल्या कमल बस्तीत ट्रायपॉड लावायलाही पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती काढलेली नसेल तर ते ओझं घरीच राहू द्या.