आधी कापड, मग प्रोजेक्ट: जुन्या साड्या कशा जमवायच्या आणि पहिली गोधडी कशी शिवायची

बऱ्याच जणी विचारतात की गोधडी शिवायचीये, कापड कुठून विकत आणू? माझं म्हणणं एकदम उलटं आहे, आधी कापड जमवा आणि काय करायचं ते कापडालाच ठरवू द्या. खरा आनंद तिथेच आहे. कुणाची तरी वीस वर्षं नेसून, धुऊन धुऊन मऊसूत झालेली सुती साडी हातात आली ना, की दुकानातलं कोरं कापड त्यापुढे पुठ्ठ्यासारखं लागतं. तो मऊपणा विकत मिळत नाही, तो वापरूनच येतो, म्हणून तर बाळाचं दुपटं नेहमी आज्जीच्या साडीचं करतात.

सुरुवात घरातूनच करा. आई, सासूबाई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांना सांगून ठेवा की सुती साडी टाकायची असेल तर मला द्या. ओटीत आलेले ब्लाउजपीस तर प्रत्येक घरात गठ्ठ्याने पडून असतात, एकेक साधारण ८० सेंटिमीटर ते १ मीटरचा, शिवायला कुणी टाकत नाही आणि फेकवतही नाही, ते मागून घ्या. ओळखीच्या टेलरकाकांकडून कात्रणं घ्या. दारावर बोहारीण येते तिच्याशीही बोला, आपण तिला कपडे देऊन भांडी घेतो पण तिच्याकडून चांगली सुती साडी विकत घेता येते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पुण्यात असाल तर बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सकाळी लवकर चक्कर मारा.

घेताना साडी उजेडात धरून बघायची. घडीवर कापड विरलेलं असतं, तिथे दोन्ही हातांनी हलकेच ताणा, चर्र आवाज आला तर ती साडी आतल्या थराला ठेवायची, वर नाही. डाग असला तरी सोडू नका, तेवढा कापून टाकता येतो. सुती आहे का सिंथेटिक हे हाताला कळत नसेल तर कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा (सिंकजवळच करा हं). सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख मऊ पडते, रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. गोधडीत मी पॉलिएस्टर अजिबात घालत नाही, घाम शोषत नाही आणि थंडीत उबेलाही गार लागतं. त्याच्या पिशव्या करा, मस्त टिकतात.

घरी आणलं की सगळं धुवायचं, प्रत्येक रंग वेगळा. लाल आणि गडद निळ्याचा फार भरवसा नाही, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत धुवा. ब्लाउजपीस कोरे असतील तर तेही आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर शिवल्यावर पहिल्या धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात. मग उन्हात खडखडीत वाळवून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून, रंगाप्रमाणे घड्या लावून ठेवायच्या. मला हे काम शिवण्याइतकंच आवडतं. घडी लावतानाच दोन रंग शेजारी येतात आणि एकदम सुचतं की अरे, हिरव्या इरकलीच्या काठाशेजारी हा मोरपंखी छान दिसेल, आणि झालं, नवीन प्रोजेक्ट सुरू.

आता पहिली गोधडी. आमच्या साताऱ्याकडे हिला वाकळ म्हणतात. दोन सहावारी लागतील. सहावारी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पावणेचार फूट रुंद, म्हणजे तीन घड्या केल्या की बरोबर ६ फुटांची, एका माणसाची गोधडी निघते. विरलेल्या साडीची तीन पदरी घडी आत. दणकट साडीतून ६-६ फुटांचे दोन तुकडे कापा, एक खाली एक वर, उरलेला तिसरा तुकडा ठिगळांना आणि पुढच्या कामाला. आतली घडी चारी बाजूंनी दोन बोटं लहान करून घ्या म्हणजे बाहेरच्या कडा आत दुमडता येतील. फरशीवर पसरताना घाई करू नका, चारी कोपऱ्यांवर पाट नाहीतर वरवंटा ठेवा, मधून कडेकडे हात फिरवत सुरकुती काढा, आणि मग एकेक वितीवर लांब कच्चे टाके घाला. हा भाग कंटाळवाणा वाटतो पण इथे आळस केला तर शेवटी मध्ये फुगा येतो आणि तो मग काही केल्या जात नाही.

मग धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली काढत जायचा साधा सरळ टाका. जाड सुती दोरा, लांब सुई आणि बोटाला अंगुस्तान, पाच थरांतून सुई ढकलायची म्हणजे बोट दुखतंच. बाहेरच्या कडेने सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत दोन बोटं अंतर, पहिल्या गोधडीला चार बोटं ठेवलंत तरी चालेल. प्रत्येक फेरीनंतर खालची बाजू उलटून बघा. ठिगळं लावायची असतील तर ब्लाउजपीसचे चौकोन कडा दुमडून वर मांडा आणि त्याच धावदोऱ्यात पकडा, वेगळं शिवत बसू नका.

रोज तासभर बसलात तरी पुष्कळ दिवस जातील, आणि मध्येच दुसरं काही सुचलं तर खुशाल सुरू करा. माझी एक गोधडी नेहमी चालू असते आणि शेजारी काहीतरी छोटं, काठाच्या पट्ट्यांचे पिशवीचे बंद, उशीचे अभ्रे, दारासाठी खणाचं तोरण. छोटं पटकन होतं आणि मोठ्याला परत हात लावायचा हुरूप येतो. फक्त अर्धवट गोधडीची सुई तिच्यात टोचून ठेवू नका, गंज लागून डाग पडतो, डबीत ठेवा.

पहिली झाली की घडी घालून ठेवू नका, त्याच रात्री पांघरा.