रात्री पाजताना घशाला कोरड, पहाटे भुकेने थरथर: माझा अनुभव

बाळ अंगावर प्यायला लागलं की लगेच घसा सुकायचा, पहाटे भुकेने हात थरथरायचे. चहा वाढवला, झोप उडाली. एकदम तांब्याभर पाणी प्यायले, नुसत्या बाथरूमच्या खेपा. जीव वैतागला.

पान्हा फुटताना स्रवणाऱ्या ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळेही तहान लागू शकते, म्हणून पाणी तेव्हाच हवं. झोपण्यापूर्वी पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा मोकळ्या हाताशी ठेवायचा. आधी बाळाला नीट लावायचं, मग घोटघोट पाणी, तहान भागेपर्यंतच. जबरदस्तीने प्यायल्याने दूध वाढत नाही (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही). पाजून झाल्यावर अळिवाचा लाडू. थरथर मात्र थांबली ती रात्रीच्या भाकरीबरोबर वाटीभर घट्ट वरण वाढवल्यावर. लघवी गडद दिसली तरच पाणी वाढवते.