ध्यानासाठी टॅरो डेक घेताय? या चुका टाळा

टॅरो डेक म्हणजे चित्रं असलेल्या पत्त्यांचा संच. प्रश्न विचारण्यासाठी हे पत्ते मांडताना एकेक चित्र थोडा वेळ दिसतं आणि पुढचं समोर येतं. ध्यानात मात्र तेच चित्र दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर राहतं. पहिल्या नजरेत भुरळ घालणारा डेक इथे फार लवकर थकवतो.

मोबाइलवर मोठं करून पाहिलेलं चित्र

नेहमीच्या मापाचा टॅरो पत्ता साधारण ७० × १२० मिलिमीटरचा असतो, पॉकेट आवृत्ती त्याहून लहान. बोटांनी ताणून पाहिलेली बारीक नक्षी दोन फुटांवरून गिचमिड दिसते. शिवाय पडद्याला स्वतःचा उजेड असतो, छापील कागदाला नसतो. झगझगीत निळा, पोपटी, जांभळा हे रंग छपाईत मंदावतात आणि गडद डिजिटल चित्रांतल्या सावल्या काळ्या ठिक्कर पडतात.

यावर साधा उपाय आहे. आवडलेले दोन पत्ते मूळ मापात नागपुरात सीताबर्डीत कलर प्रिंट काढून देणाऱ्या दुकानातून छापून घ्या. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येतील असे भिंतीला लावा आणि एकेका चित्रापुढे दहा मिनिटं बसा. नजर चित्रात न रमता काठांवरच घुटमळत असेल, तर तो डेक घेऊ नका.

फक्त मेजर पत्ते बघून ठरवणं

टॅरोचे ७८ पत्ते: २२ मेजर (‘मून’सारखे स्वतंत्र नावांचे) आणि ५६ मायनर (कप, तलवारी अशा चार गटांतले). जाहिरातीत बहुतेक वेळा मेजरच झळकतात. मार्सेय या जुन्या फ्रेंच धाटणीच्या पारंपरिक डेकमध्ये मायनरच्या एक ते दहा पत्त्यांवर प्रसंग नसतात, नुसती कप-तलवारींची मांडणी असते. १९०९ च्या रायडर-वेट डेकसाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी मायनर पत्त्यांवरही प्रसंगचित्रं काढली आणि पुढच्या असंख्य डेकनी तोच मार्ग धरला. म्हणून घेण्याआधी आठ कप आणि सहा तलवारी हे पत्ते आवर्जून पाहा.

चित्रात शिरता येतं की नाही, हे ओळखायला तीन गोष्टी शोधा: पुढच्या भागात मनाने उभं राहता येईल अशी जागा, तिथून आत जाणारी वाट आणि मागे मोकळं क्षितिज. रायडर-वेटचा ‘मून’ पत्ता बघा. पाण्याच्या काठापासून निघालेली वाट कुत्रा आणि लांडग्याच्या मधून, दोन बुरुजांच्या पलीकडे डोंगरांपर्यंत जाते. ध्यान करणाऱ्याला ती पावलापावलाने चालता येते. याउलट पूर्ण पत्ता व्यापणारा सुंदर चेहरा नजर अडवतो. जाड, नक्षीदार चौकटीही चित्राची जागा खातात, त्यामुळे बिनचौकटीचा डेक मिळाला तर तोच घ्या.

चकाकी आणि नकली प्रती

चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी नेमकी चित्राच्या मधोमध उमटते. मॅट डेकच बरा. चकचकीत डेक आधीच घेतला असेल, तर दिवा बाजूला आणि पत्त्यापेक्षा उंच ठेवा, पत्ता किंचित पुढे झुकवा.

फार स्वस्त डेकमध्ये पुस्तिकेऐवजी नुसता क्यूआर कोड, कडेला कापलं गेलेलं चित्र आणि धूसर रेषा आढळल्या, तर ती बहुधा नकली प्रत समजा. आणि ऑरॅकल म्हणून विकला जाणारा संच टॅरो नसतो. त्यात पत्ते कितीही असू शकतात. ध्यानाला तो चालतो, पण टॅरो शिकायचा असेल तर नाही.

पत्ते वाकतात तेव्हा

नागपुरात मे महिन्याची कोरडी हवा, त्यात कूलरचा ओला झोत आणि मागोमाग पावसाळा. कागद ओल घेऊन फुगतो, वाळला की आकसतो. दोन्ही बाजू सारख्या ताणल्या गेल्या नाहीत की पत्ता कमानीसारखा वळतो. कूलर सुरू असलेल्या खोलीत डेक उघडा ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत तर नकोच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

वाकलेले पत्ते निम्मे एका तोंडाने, निम्मे उलट्या तोंडाने रचा. दोन सपाट फळ्यांमध्ये घालून वर जड पुस्तकं ठेवा आणि दोन-तीन दिवस हात लावू नका. इस्त्री कधीच फिरवू नका, लॅमिनेशनला फोड येतात.