थंड पाणी, बीटा आणि माझे गेलेले दोन महिने

एम.टेक.ला नैसर्गिक संवहन (गार-ऊबदार पाण्याच्या घनतेतल्या फरकाने आपोआप होणारा प्रवाह) घेतलं असेल आणि पाणी 0 ते 10 अंशांतलं असेल, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे वाचा. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. मलाही होतं. तरी फसलो.

माझी प्रयोगाची पाण्याची पेटी साधी होती. एक भिंत 0 अंशांना, समोरची 8 अंशांना. नागपूरचा मे, बाहेर 45. बर्फाची लादी लॅबपर्यंत येता येता निम्मी व्हायची, म्हणून मी पहाटे पाचला येऊन बसायचो.

सिम्युलेशन सिनियरच्या तयार फाईलवर चालवलं. त्यात एकच मोठा भोवरा दिसला, ऊबदार भिंतीशी वर, थंड भिंतीशी खाली. पेटीत मात्र रंगाची रेघ दोन्ही भिंतींशी वर चढायची आणि मधोमध खाली उतरायची. (रंग पेटीतल्याच गार पाण्यात कालवा, नाहीतर तो स्वतःच्याच वजनाने बुडतो.)

"दोन्हीकडून वर जाऊन राहिलं ना पाणी!" मी मित्राला म्हटलं.

"थर्मोकपल चुकत असंल."

महिनाभर मी थर्मोकपलच, म्हणजे तापमान मोजणाऱ्या ताराच, तपासत बसलो.

चूक फाईलमध्ये होती. प्रसरण गुणांक बीटा, म्हणजे एका अंशाने तापलं की पाणी किती फुगतं तो आकडा, तिथे 20 अंशांचा होता, 0.000207. अशा सिम्युलेशनमधलं बुसिनेस्कचं नेहमीचं गृहीतक एकच बीटा धरून घनता सरळ रेषेत उतरवतं. पण पाण्याचा बीटा 4 अंशांखाली ऋण, 4 ला शून्य, वर धन. घनता बघा, किलो प्रति घनमीटरमध्ये: 0 ला 999.84, 4 ला 999.97, 8 ला 999.85. दोन्ही भिंतींशी हलकं, मध्ये जड. पेटीच बरोबर होती!

मग मी सरासरी तापमानाचा बीटा घातला. सरासरी 4, बीटा शून्य. पडद्यावर पाणी जागचं हललंच नाही. यात दुसरा महिना गेला. इथे कुठलाच एक बीटा चालत नाही. उत्प्लावक बलात थेट घनता घाला. गेभार्ट आणि मोलेनडॉर्फ यांचं 1977 चं सूत्र त्यासाठीच आहे. त्यात 4.03 अंशांपासूनच्या फरकाचा घात सुमारे 1.895 येतो, म्हणून वक्र दोन्ही बाजूंना उतरतो.

तयार फाईल घेऊच नका, असं माझं ठाम मत आहे. "आकडे जुळवून टाक" म्हणणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा थर्मोकोल नीट गुंडाळून देणारे लॅबमधले काकाजी मला जास्त शिकवून गेले.

आणि घाबरू नका. ऊबदार भिंत 8 च्या आसपास आली की नुसेल्ट संख्या (नुसत्या वहनाच्या किती पट उष्णता जाते ते सांगणारी) पडते, कारण दोन भोवऱ्यांच्या सीमेवरून उष्णता वहनानेच पलीकडे जाते. ते रीडिंग खरं आहे. खोडू नका.