कंपनीच्या 'कल्चर'वर खर्च करताय? या चुका टाळा

एप्रिलमध्ये 'कल्चर'चं नवं बजेट मंजूर होतं आणि एचआरची नवी मंडळी पहिल्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांना निनावी सर्व्हेची लिंक पाठवून मोकळी होतात. त्यांना जूनपर्यंत डॅशबोर्ड दाखवायचा असतो. माझं सगळ्यात जुनं भांडण याच सर्व्हेशी आहे.

फॉर्मवर नाव विचारत नाहीत. पण विभाग, शिफ्ट, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षं हे सगळं विचारतात. मग नाव कशाला हवं? चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात दहा वर्षांहून जुन्या बाई एकच होत्या. त्यांनी विश्वासानं लिहिलं, रजा मागितली की साहेब चारचौघांत बोलतात. उत्तरांची एक्सेल फाइल जशीच्या तशी विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी फिल्टर लावला आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे रजा मागायची भीती वाटते म्हणे तुम्हाला!" तक्रार चारचौघांत बोलण्याची होती, तिचा निकालही तिथेच लागला. पुढच्या वर्षी त्या विभागातून पाचपैकी पाच गुण आले. व्यवस्थापनाने केक कापला!

मी मूळ फाइल कुणालाही देत नाही, मालकांनाही नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा आकडा वेगळा दाखवत नाही, शेजारच्या विभागात मिसळते. लिहून आलेली मतं माझ्या शब्दांत वर पाठवते, कारण माणूस त्याच्या वाक्यावरून ओळखू येतो. आणि सर्व्हेच्या आधी मालकांना विचारते की यातून बदलायची तयारी असलेल्या दोन गोष्टी सांगा. त्यांना सांगता आल्या नाहीत, तर सर्व्हे होत नाही. बाहेरचे सल्लागार याला अशास्त्रीय म्हणतात. म्हणोत.

शनिवारी सकाळी सक्तीचा योग ठेवू नका. लोकांना झोप हवी असते.

समुपदेशनाचं ॲप विकत घेतलंत तर ते कोणी वापरलं, ही यादी मागू नका. ॲप परवडत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे. तो नंबर कॅन्टीनमध्ये लावायला कसलीही मंजुरी लागत नाही.

पाळणाघराच्या खोलीत जुने प्रिंटर ठेवू नका. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाण्याचा हक्क दिला. लांबच्या पाळणाघराशी करार करून हे चारदा कसं जमणार, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

आता अंतर्गत समिती, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी. २०१३चा कायदा दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेला लागू आहे, तरी 'आमच्याकडे घरचं वातावरण आहे' हे उत्तर मी अजून ऐकते. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून घाईघाईने कागद तयार होतो. अध्यक्ष म्हणून वरिष्ठ पदावरची बाई हवी, तर रिसेप्शनवरच्या मुलीचं नाव घालतात. बाहेरचा सदस्य म्हणजे मालकांचा मित्र. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची, आणि नोटीस बोर्डावरच्या यादीतल्या दोघींनी केव्हाच नोकरी सोडलेली. नव्या ठिकाणी गेले की मी बोर्डावरचे नंबर तिथेच उभी राहून फिरवते. कोण उचलतं आणि काय बोलतं, यावरून त्या कंपनीचं बरंचसं कळतं.

तक्रार आलीच तर 'आपसात मिटवा' हा शॉर्टकट मारू नका. समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच करता येतो, आणि तोही पैसे देऊन नाही. चौकशीला नव्वद दिवस आहेत. तेवढ्यात ती होते. रखडते ती साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून.

नोकरी सोडणाऱ्याची मुलाखत शेवटच्या दिवशी उरकू नका. फुल अँड फायनल, म्हणजे पैशांचा शेवटचा हिशोब, बाकी असतो, अनुभवपत्र हातात नसतं, तो गोडच बोलणार. मी दोनेक महिन्यांनी फोन करते, संध्याकाळी सातनंतर, आणि पहिला प्रश्न नव्या नोकरीबद्दल विचारते. जुनीबद्दल ते आपणहून बोलतात.