देशोदेशी विखुरलेल्या आप्तांशी ऑनलाइन चर्चा कशी करावी

गोव्यातील कितीतरी घरांच्या व्हॉट्सॲप गटात एक भाऊ दुबईत, भाची जर्मनीत आणि काका म्हापशात असतात. तिघेही एकच वाक्य वाचतात, मात्र त्यांना लागू होणारा कायदा वेगवेगळा असतो.

म्हणून वादाचा विषय काढण्यापूर्वी गटात कोण कुठे राहतो, हे आठवावे. आपल्या संविधानाचे कलम १९ भाषणस्वातंत्र्य देते आणि सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी अशा कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंधही घालू देते. अमेरिकेत १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीमुळे अत्यंत कटू बोलण्यालाही मोठे संरक्षण मिळते, तर जर्मनीत ज्यूंच्या नरसंहाराचा जाहीर इन्कार करणे हा गुन्हा आहे. संयुक्त अरब अमिरातीत खासगी संदेशातून केलेल्या अपमानाबद्दलही खटला होऊ शकतो. त्यामुळे दुबईतील भावाला तिथल्या सरकारविषयी ‘तुझे मत सांग’ असा आग्रह कधीही करू नये आणि तो गप्प राहिला तर त्याला भित्रा म्हणू नये. आपल्या वाक्याची किंमत त्याला नोकरी गमावून मोजावी लागू शकते.

मग चिन्हांकडे पाहावे. गेल्या दिवाळीत मी उंबऱ्यासमोरच्या रांगोळीचा फोटो गटात टाकला, तिच्या मधोमध हळदकुंकू भरलेले स्वस्तिक होते. थोड्याच वेळात जर्मनीतल्या भाचीने लिहिले, ‘मामा, माझी रूममेट फोटो बघून एकदम गप्प झाली.’ ‘त्यांना आपल्या धर्मातले काय कळते!’ हे वाक्य मी टाइप केले होते, ते पाठवण्याआधी पुसले. त्याऐवजी आपल्याकडे दारात स्वस्तिक का काढतात हे दोन ओळींत लिहिले आणि नाझींचे चिन्हही असेच दिसत असल्याने त्या मुलीला हे पाहून काय आठवले असेल, ते भाचीला विचारले. रांगोळी मी पुसली नाही, पुसायला नकोच होती.

घरच्या वादांतही हेच पथ्य पाळावे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली, तरी कोकणी-मराठी वादाची जखम अजून ओली आहे. पुण्याचा मित्र ‘कोकणी ही मराठीचीच बोली’ असे सहज लिहून जातो, तेव्हा कोकणी माणसाला आपले अस्तित्वच नाकारल्यासारखे वाटते. आणि पिढ्यान्‌पिढ्या कीर्तन व नाटक मराठीत जगलेल्या गोमंतकीयाला ‘तुमची भाषा बाहेरची’ हे शब्द तितकेच लागतात. अशा वेळी मत भाषेविषयी मांडावे, समोरच्याच्या निष्ठेविषयी नव्हे.

याचा अर्थ मतभेद गिळावा असा मुळीच नाही. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत गोव्यातील वर्तमानपत्रांना छापण्यापूर्वी मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागे. ज्या घरांना हे ठाऊक आहे, त्यांनी तरी एकमेकांचे तोंड बंद करू नये. उपरोध मात्र टाळावा, कारण अनुवादात तो हमखास शिवीसारखा उतरतो.

एवढे करूनही कोणी दुखावले गेलेच, तर आधी त्या व्यक्तीशी फोनवर बोलावे आणि मग ज्या गटात चूक झाली तिथेच दुरुस्ती लिहावी. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ असे मोघम न लिहिता आपला नेमका कोणता शब्द चुकला, तो शब्द लिहून माफी मागावी आणि उत्तरासाठी तगादा लावू नये.