सकाळची उलटी, कलती मान आणि तारखांची वही

सकाळी उठताच मुलाचे डोके दुखते, मग उलटी होते आणि तासाभरात ते खेळायला लागते. घरातले म्हणतात, पित्त पडले, आता बरे वाटेल. हा दिलासा कधीकधी फसवा ठरतो, कारण मेंदूत गाठ असेल तर रात्रभर आडवे राहिल्याने कवटीतील दाब वाढतो आणि उलटीनंतर, उठून बसल्यावर, तो काहीसा उतरतो. अशी गाठ मुलांत विरळच आढळते आणि बहुतेक डोकेदुखीचे कारण साधे असते. तरीही निदान लांबते, ते पालकांच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. उलटीसाठी बालरोगतज्ज्ञ, तिरळेपणासाठी नेत्रतज्ज्ञ, पाठदुखीसाठी हाडांचे डॉक्टर, असे एकेक लक्षण वेगळ्या दारी जाते आणि त्यांची बेरीज कोणीच करत नाही.

ही बेरीज घरी करता येते. एका वहीत तारीख, वेळ आणि जे दिसले तेवढेच लिहावे: ‘१२ जून, सकाळी साडेसहा, उलटी, आदल्या रात्री ताप नाही.’ मोबाइलमधले जुने फोटो पाहावेत; गेल्या दोन महिन्यांच्या सगळ्या फोटोंत मान एकाच बाजूला कललेली असेल, तर तो फोटो डॉक्टरांना दाखवावा. शाळेची वहीही चाळावी, कारण बिघडत गेलेले अक्षर पुष्कळदा आळशीपणाच्या नावावर खपते. चालताना तोल जाणे, नव्याने आलेला तिरळेपणा, बदललेला स्वभाव, तान्ह्या बाळाच्या डोक्याचा झपाट्याने वाढणारा घेर यांचीही नोंद ठेवावी. गाठ मणक्यातही असू शकते, आणि तिची पाठदुखी दप्तराच्या ओझ्यावर ढकलली जाते. पण रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी किंवा ओढत चालणारा पाय ओझ्याने समजावता येत नाही.

डोकेदुखी चार आठवड्यांहून अधिक किंवा उलट्या दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या, तर ‘या सगळ्यांचे कारण एकच असू शकते का, आणि एमआरआय करायचा नसेल तर पुन्हा कधी दाखवू?’ असे स्पष्ट विचारावे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी स्वच्छ आली म्हणून गाठ नाहीच असे ठरत नाही, आणि मेंदूच्या मागच्या भागातली लहान गाठ सीटी स्कॅनमध्ये सुटू शकते. ब्रिटनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या ‘हेडस्मार्ट’ मोहिमेने पालक व डॉक्टर दोघांनाही ही लक्षणे शिकवली. तेथे निदानाला लागणारा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या मुलांचे निदान ज्याच्या आत होते तो काळ) पूर्वी १४ आठवड्यांहून अधिक होता, तो २०१३ पर्यंत सात आठवड्यांच्या आत आला.

फिटचा झटका आला, मूल गुंगीत जाऊ लागले, पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर वही पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. आधीच्या तपासण्यांच्या फिल्म व सीडी सोबत न्याव्यात, केवळ छापील अहवाल नव्हे, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना चित्रे स्वतः पाहता येतील.